दुधाशेजारचा गोचीड

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोचिडाचा एक दृष्टान्त आहे. गाईच्या कासेला चिकटलेल्या गोचिडापासून गोड, पवित्र दूध कातडीच्या एका पदराइतकेच दूर असते. ते अव्हेरून तो रक्त पितो. त्याच्या लगोलग बेडूक येतो. तो कमळाच्या कंदाशेजारीच राहतो, पण पराग भुंग्याला मिळतो आणि बेडकाच्या वाट्याला चिखल उरतो. ईश्वर इतका निकट असूनही अश्रद्ध माणसाला तो का लाभत नाही, हे समजावण्यासाठी ज्ञानदेवांनी हे दोन जीव हाताशी धरले आहेत. हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही गेली वीसेक वर्षे मराठी शिकवतो. हा दृष्टान्त आम्ही इतक्या वेळा समजावून सांगितला आहे, की शब्द तोंडातून जात असताना मन परीक्षेच्या पाळ्यांचा विचार करू शकते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हाच भाग शिकवत असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. विचारणारी मुलगी मेंढपाळांच्या घरची. वर्गात सहसा न बोलणारी. तिने विचारले, "सर, पण गोचिडाला दूध पेता येतंय का?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि दृष्टान्त कुठवर ताणायचा याविषयी चार वाक्ये ऐकवून पुढच्या ओवीकडे वळलो. मुलगी खाली बसली. आता मागे वळून पाहताना वाटते, की त्या तासाला वर्गात विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढा एकच होता. गोचिडाला दूध पिता येत नाही. त्याचे मुखांग कातडी कापून आत रोवण्यासाठी आणि उलट्या दात्यांनी तिथे घट्ट राहण्यासाठी घडलेले असते. अळीपासून प्रौढावस्थेपर्यंत रक्ताखेरीज त्याला दुसरे अन्न नाही. तो दूध 'सोडत' नाही, कारण दूध ही गोष्ट त्याच्या जगात नाहीच. ज्ञानदेवांचा हेतू याने बाधित होत नाही, हे खरे. शिवाय गोचीड नेमका कासेच्या कोवळ्या कातडीवर बसतो हे कवीने नीट पाहिलेले आहे. न पाहिलेले होते ते आम्हीच. गोचीड आमच्यासाठी एक प्रतिमा होता. पिच्छा न सोडणाऱ्या ओळखीच्या माणसाला लावायचे एक विशेषण होता. त्याला पाय किती, हेदेखील आम्हांस सांगता आले नसते.

हा प्रसंग आम्ही विसरूनही गेलो असतो. पण त्याच वर्षीचा भाद्रपद विसरता येण्यासारखा नव्हता.

आमची धाकटी बहीण कयाधूच्या काठच्या एका गावी दिली आहे. घर जुने, माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, समोर ओसरी आणि ओसरीवर एक कुत्रे. ते कुणी पाळलेले नाही, आणि हाकललेलेही नाही. ज्या जिल्ह्यात नामदेवांचे नर्सी आहे आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन कसे धावले ही कथा जिथे पोर बोलायला लागण्याआधी ऐकते, तिथे ओसरीवरच्या कुत्र्याचा हक्क सहसा कुणी काढत नाही. आमचा भाचा तेव्हा सात वर्षांचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, पोळ्याच्या सकाळी आजोबांबरोबर तो बैल धुवायला नदीवर गेला. बैल धुताना कानांच्या आतले, गळ्याच्या पोळीखालचे, शेपटीच्या बुडाशी बसलेले गोचीड वेचून काढायचे असतात. दिवसभर पोराने ते काम हौसेने केले. कुत्रेही बरोबर होतेच.

आठनऊ दिवसांनी त्याला ताप आला. बहिणीचा फोन आला तेव्हा आम्ही, एक सुशिक्षित मामा या नात्याने, निदान सांगून मोकळे झालो: "डेंगू असेल. प्लेटलेट्स बघून घे." गावातल्या दवाखान्यात दोन दिवस गोळ्या झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासले, प्लेटलेट्स खरोखरच कमी निघाल्या, आणि आमचा मान वाढला. पुढच्या दवाखान्यात विडालची तपासणी झाली. ती किंचित सकारात्मक आली म्हणून विषमज्वराची इंजेक्शने सुरू झाली. ताप हटेना. पाचव्या दिवशी मुलाचे डोळे लाल झाले, पाय सुजले, आणि अंगावर तांबडे ठिपके उठले. कुणी गोवर म्हणाले, कुणी औषधाची रिॲक्शन म्हणाले. सहाव्या दिवशी तो माणसे ओळखेना. आम्ही त्याला नांदेडला नेले.

तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी काय केले ते आम्ही समोर उभे राहून पाहिले. त्यांनी आधीच्या कागदांची चळत बाजूला ठेवली, मुलाच्या मुठी उघडून तळहात उजेडाकडे धरले, मग तळपाय पाहिले. ठिपके तिथेही होते. मग विचारले, "घरी कुत्रं आहे? गोचीड चावला होता का?"

बहीण म्हणाली, "नाही हो."

दाराशी बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "व्हता की. कानामागं. म्याच काढला न्हवं का, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

"आत्याबाई, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच न्हाई."

बाईंनी त्याच घटकेला डॉक्सिसायक्लिन लिहिले. लहान मुलांच्या दातांवर या औषधाचे डाग पडतात असे बहिणीने कुठेतरी ऐकले होते, ती चाचरली. थोड्या दिवसांच्या औषधाने तसे होण्याची भीती फारशी उरलेली नाही, असे बाईंनी सांगितले, आणि पुढे म्हणाल्या, "आधी मुलगा, मग दात." दुसऱ्या रात्री ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला मामा म्हणून हाक मारली आणि भजी मागितली.

या आजाराचे इंग्रजी नाव इंडियन टिक टायफस. कारण रिकेट्सिया कोनोराय हा जिवाणू. तो गोचिडाच्या लाळेतून माणसाच्या रक्तात येतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींत शिरून तिथेच वाढतो. तळहातावर दिसणारे ठिपके हे अशा दुखावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे. खरे तर तसे ते शरीरात आतही सर्वत्र उठलेले असतात. जिवंत पेशीबाहेर हा जिवाणू वाढत नाही, म्हणून रक्ताच्या नेहमीच्या कल्चरमध्ये तो सापडत नाही आणि अहवाल निर्दोष येतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालते, आणि ते मिळायला सोपे व स्वस्त औषध आहे. अडचण औषधाची नाहीच. ते आठवण्याची आहे.

आम्हांस पुष्कळ दिवस असे वाटत होते, की असा आजार आमच्या भागात यापूर्वी कुणाला ठाऊकच नसेल. तसे नव्हते. कुमाऊँच्या पहाडी मुलखातील अशा तापाविषयी मेगॉ नावाच्या लष्करी वैद्याने १९१७ सालीच लिहिले होते, आणि गोचिडावर संशयही घेतला होता. आणि आमच्यापासून एक वाशीम जिल्हा ओलांडला की लागणाऱ्या अकोल्यातून, तिथले बालरोगतज्ज्ञ नरेंद्र राठी व त्यांचे सहकारी यांनी मुलांमधील या तापांविषयीचे शोधनिबंध 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये २०१० आणि २०११ साली प्रसिद्ध केले आहेत. दुसऱ्या निबंधात त्यांनी मोठ्या प्रयोगशाळेविना निदान करता यावे म्हणून एक गुणपद्धतीच सुचवली. खेड्यातले वास्तव्य, घरची जनावरे, गोचिडाशी आलेला संबंध, डोळ्यांची लाली, पायांवरची सूज, तळहात-तळपायांवरचे ठिपके अशा एकेका खुणेला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आमच्या भाच्याच्या बाबतीत ही बेरीज ओसरीवर बसूनही करता आली असती. पण दोन जिल्ह्यांपलीकडचे ज्ञान आमच्या ओसरीपर्यंत आले नव्हते, आणि आमच्या ओसरीवरचे ज्ञान नांदेडच्या त्या खोलीपर्यंत विचारल्याशिवाय गेले नाही. आत्याबाईंचा गुन्हा म्हणावा तर तो एवढाच, की आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट महत्त्वाची असू शकते असे त्यांना कुणी आयुष्यात कधी जाणवू दिले नव्हते.

पुढे रक्ताच्या तपासणीत वाइल-फेलिक्स नावाची चाचणी आली. तिची हकीगत आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही अलंकारांच्या तासाला सांगतो. या चाचणीत रिकेट्सिया वापरलेलाच नसतो. १९१६ साली एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स यांना आढळले, की टायफसच्या रुग्णाचे रक्तद्रव प्रोटियस नावाच्या एका भलत्याच जिवाणूला गोळा करते. दोघांचा आजाराच्या दृष्टीने काही संबंध नाही; केवळ बाह्य अंगाच्या काही रेणूंत साम्य आहे. म्हणजे उपमेय हाती लागत नाही म्हणून उपमानावर चाचणी करायची! ही चाचणी स्वस्त आहे आणि लहान गावांत होऊ शकते. पण उपमेचे जे सामर्थ्य आणि जी मर्यादा, तीच तिची. ती कधी चुकते, पुष्कळदा आजार आठवडाभर जुना झाल्याखेरीज बोलतच नाही, आणि एवढा वेळ रुग्णाजवळ असतोच असे नाही. (वाइल पुढे १९२२ साली टायफसनेच गेले. ज्यांच्या नावावरून रिकेट्सिया हा शब्द आला, ते हॉवर्ड रिकेट्स १९१० साली मेक्सिकोत टायफसचा शोध घेताना त्याच तापाने दगावले. या शास्त्रातली पारिभाषिक नावे काहीशी स्मशानासारखी आहेत.)

नावांचा विषय निघालाच आहे तर तो थोडा लांबवू, कारण तो आमच्या धंद्याचा विषय आहे.

आमच्या भागात गोचीडताप हा शब्द आहे. तो गुरांच्या दवाखान्यातील भिंतीवर रंगवलेला असतो आणि कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल: जनावराला ताप येतो, लाल मूत होते, दूध आटते. हा थायलेरिया, बबेसिया अशा एकपेशीय परजीवींचा आजार; गोचीड तो गाई-बैलांत पसरवतात. म्हणजे मराठीत गोचीड आणि ताप यांचा समास झालेला आहे, पण त्याचा अर्थ गोठ्यात अडकून राहिला आहे. माणसाच्या तापाला तो शब्द लावायचा कुणाच्या मनात येत नाही. डॉक्टर रिकेट्सिया म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून ना कुत्रे दिसते, ना भिंतीची फट. सिंधुदुर्गात वेगळे घडले. शिमोग्याच्या क्यासनूर अरण्यात १९५७ साली आढळलेला ताप २०१६ साली दोडामार्गाकडे काजूच्या बागांतून लोकांना धरू लागला, तेव्हा माकडताप हा शब्द रुळला. तो विषाणूचा आजार, जात निराळी. पण गोचीड तिथेही आहेतच. माकडताप म्हटल्यावर गावात माकड मेलेले दिसले की माणसे आरोग्यकेंद्राला कळवू लागली. नाव अन्यायाचे आहे, हे कबूल. बिचारे माकडही त्याच तापाने मरते आणि कलंक मात्र त्याच्या नावाला. परंतु त्या नावाने जे काम केले, ते अचूक लॅटिन नावाला साधले नसते. नागपूर-विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'कीटकाचा चावा' असे छापले. चावणारी ती चिमुकली अळी गोचिडाच्या जवळच्या नात्यातली, आणि दोघेही कीटक नव्हेत, कोळ्या-विंचवांच्या कुळातले आठ पायांचे जीव. अळीच्या अवस्थेत मात्र पाय सहाच. (हे आता आम्हांस सांगता येते.)

त्या भाद्रपदानंतर आम्ही आत्याबाईंना एक प्रश्न विचारला: गावात यापूर्वी असा ताप कुणाला आला होता का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मागल्या साली वरच्या आळीतली एक पोर गेली, पाच-सहा वर्षांची. अंगावर तांबडं आलं होतं. आम्ही विचारले, कसला ताप म्हणाले?

"तापच की."

ती मुलगी कशाने गेली हे आता कुणालाही कळणार नाही, आणि आम्ही कळल्याचा आव आणणार नाही. डेंगूने गेली असेल, मेंदूज्वराने गेली असेल. पण 'तापच की' हे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य सेविकेने आठवड्याला भरायचा एक तक्ता असे. तो आम्ही एका ओळखीच्या सेविकेकडून मागून पाहिला, आणि मान्य करायला हवे, तक्ता करणाऱ्यांना भाषेची जाण होती. ताप एवढ्यावर न थांबता त्यांनी पोटभेद पाडले होते: सात दिवसांच्या आतला, त्याहून अधिक दिवसांचा, नुसता, पुरळासह, रक्तस्रावासह, गुंगी किंवा बेशुद्धीसह. आता ही माहिती संगणकावरून जाते. आमच्या भाच्याला यातले तीन रकाने लागू पडले असते. फक्त त्या कागदावर कुत्र्याला, बैलाला, गोचिडाला रकाना नव्हता. पुरळासह ताप एका कागदावर आणि लाल मूत दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या कागदावर. हे दोन कागद एका टेबलावर येण्यासाठी जे करावे लागते त्याला सर्वेक्षण म्हणतात, असे आम्हांस एका पशुवैद्यक मित्राने समजावले. हा मित्र परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेला आणि आता आमच्याच जिल्ह्यात नोकरीला आहे.

पुढचे कार्तिकापर्यंतचे रविवार आम्ही त्याच्याबरोबर हिंडलो. बरोबर ती मागच्या बाकावरची विद्यार्थिनी आणि तिचा भाऊ. गोचीड मोजण्याची एक जुनी रीत आहे: पांढरे, जाडसर, लव असलेले कापड काठीला बांधून गवतावरून सावकाश ओढत न्यायचे. गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसलेला गोचीड कापडाला जनावर समजून पकडतो. ठरावीक अंतरावर कापड उलटून पाहायचे, चिमट्याने उचलायचे, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचे आणि कुपीवर जागा, तारीख, गवत की झुडूप हे लिहायचे. आमच्याकडे लवदार कापड नव्हते. आम्ही जुनी घोंगडी नेली, पण काळ्या घोंगडीवर काळपट गोचीड दिसेना. मुलीचा भाऊ हसून लोळला. शेवटी आमच्या वडिलांचे एक धोतर चौपदरी शिवून ते गायरानात फिरवले. लोकांनी पाहिले. मास्तर गवत पुसतात, असा गावात निरोप पसरला.

या कामात मुलगी आमची शिक्षिका होती. मेंढीच्या अंगावर नेमके कुठे बोट घालायचे, कोणता गोचीड कोणत्या जनावराचा, भरलेला कसा गळून पडतो आणि रिता कसा वाट बघतो, हे तिला ठाऊक होते. तिला ठाऊक नसलेले मित्राने सांगितले: गुरांवरचा नेहमीचा निळसर गोचीड जन्मभर एकाच जनावरावर काढतो, त्यामुळे त्याचा माणसाशी संबंध कमी येतो. कुत्र्याचा तांबूस गोचीड मात्र तीनदा जेवतो आणि प्रत्येक जेवणानंतर खाली उतरतो. उतरला की तो भिंत चढतो. मातीच्या भिंतीच्या फटीत, माळवदाच्या किलचणात तो कात टाकतो, उपाशीपोटी महिनोन् महिने दम काढतो, आणि मादी तिथेच हजारो अंडी घालून मरते. या घराण्यातल्या काही जिवाणूंना तर अंड्यांतून पुढच्या पिढीत जाता येते. म्हणजे अळी जन्मतः वारसा घेऊन येते. आम्ही बैलांकडे पाहत होतो आणि आमच्या भाच्याला चावलेला बहुधा भिंतीत राहत होता. मुलीने विचारले, मग घुंगराळ्या कुत्र्याला मारायचं का? मित्र म्हणाला, नाही. कुत्रे गेले की भिंतीतले उपाशी गोचीड माणसाकडेच बघतील. कुत्र्याला औषध लावायचे, भिंतीच्या फटी लिंपायच्या. आणि गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल ओतायचे नाही, विस्तव लावायचा नाही, आणि नखावर मुळीच फोडायचा नाही, कारण फुटलेल्या गोचिडातून जिवाणू बोटाच्या चिरेत शिरू शकतो. यावर मुलगी आपल्या नखांकडे बघत राहिली. पोळ्याला आणि एरवीही, नखावर फोडणे हाच आमच्याकडचा रिवाज.

सर्वेक्षणाचा पुढचा भाग कुप्यांतून होतो. गोचीड सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, मग त्यांच्या पोटातील जिवाणूंचे जनुकीय द्रव्य तपासायचे. ते आमच्या धोतराच्या आवाक्याबाहेरचे आहे. आमच्या तालुक्यात अधिकृतपणे असे पांढरे कापड फिरलेले आम्ही पाहिले नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान हालचाल टिपणार आहेत. ते व्हावेच, आमच्या जिल्ह्याने अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कृष्णविवरांची टक्कर ऐकावी याचा आम्हांस अभिमानच वाटेल. पण त्या भुजांच्या कडेने चरणाऱ्या शेळीच्या कानात काय आहे, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवे की नाही?

अडाण्याचे म्हणणे शास्त्राने उशिरा ऐकले, असे याच क्षेत्रात पूर्वीही झाले आहे. अमेरिकेत दक्षिणेकडून येणारी गुरे उत्तरेच्या कुरणांतून गेली की उत्तरेची गुरे लाल मूत होऊन मरत. गुराखी वर्षानुवर्षे सांगत होते, की हे गोचिडामुळे होते. तज्ज्ञ हसत. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि किलबॉर्न यांनी गोचीड वेचून काढलेली आणि न काढलेली गुरे वेगवेगळ्या कुरणांत ठेवून पाहिली, आणि १८९३ साली गुराखी खरे ठरले. संधिपाद जीवातून सस्तन प्राण्याला रोग होतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले ते याच वेळी. डास आणि हिवताप यांच्या नात्याची सिद्धता त्यानंतरची. हसण्याचा वारसा मात्र आम्ही थेट आमच्या वर्गापर्यंत आणला होता.

नवव्या अध्यायाची ती ओवी आम्ही यंदाही शिकवली. दृष्टान्त समजावून झाल्यावर कुपी बाकांवरून फिरवली. काही मुलांनी नाक मुरडले, काहींनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. कुणीतरी विचारले, यात रक्त कुणाचे आहे?

आत्याबाईंच्या घरी आता माळवदाखालच्या फटी लिंपलेल्या आहेत आणि कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली स्पिरिट भरून ठेवलेली आहे. घरात कुणाच्याही अंगावर गोचीड दिसला तर तो तिच्यात जातो. आत्याबाईंना लिहिता येत नाही म्हणून चिठ्ठी भाचा लिहितो. यंदाच्या पोळ्यानंतर आम्ही गेलो, तेव्हा बाटलीवर त्याच्या अक्षरात लिहिले होते: 'कुत्र्याच्या कानातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.' आम्ही म्हणालो, अरे, तारीख लिहायची असते. त्याने पेन उचलले आणि आजीकडे पाहिले. आजीने बोटांवर काहीतरी मोजले, अमावास्येपासून मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि म्हणाली, "त्याच्या मामालाच इचार."

आम्हांसही आठवेना. आम्ही कॅलेंडर शोधायला उठलो.